कटिंगच्या टेबलावरची पेटी

९ जून, रविवार

ही वही सॅशाच्या सांगण्यावरून. सॅशा म्हणजे ह्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी मुलगी, माझगावहून आठवड्यातून एकदा येते. म्हणाली, "काकू, काकांनी काही नवीन केलं की लिहून ठेवायचं हां. छोटं असलं तरी." शिवणक्लास चालवला तेव्हा लोकांची मापं तेवढी लिहीत होते, त्यापलीकडे माझं लिखाण नाही. स्वतःबद्दल लिहू नका असं ती बोलली नाही, तेव्हा तेही लिहीन.

आजचं नवीन म्हणजे, जीपची छोटी पेटी घरी आली. गणपती मंडळाच्या सम्यकने आणि आणखी दोन पोरांनी हातगाडीवरून आणली आणि चौघांच्या जागी तिघांनीच उचलून माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवली. टेबल वाकलं नाही, माझा जीव मात्र वाकला. ह्या पेटीला ट्रान्सफर केस म्हणतात. गिअरबॉक्सच्या मागे बसते आणि इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते. तिच्यातलाच लो गिअर टाकून ह्यांची जीप दरवर्षी विसर्जनाला मंडळाची ट्रॉली काळाचौकीहून गिरगाव चौपाटीपर्यंत माणसाच्या चालीने ओढायची. मागच्या वर्षी ओढता ओढता तो गिअर सारखा निसटायला लागला, म्हणून ह्यांनी मार्चात पेटी उतरवली होती. तिच्यावर वाकलेले असतानाच झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तोंडातून एकच शब्द निघतो, "ना". हो म्हणायचं तरी ना, नको म्हणायचं तरी ना. फक्त आरती सुरू झाली की सगळे शब्द घडाघडा येतात. सॅशा म्हणते ते पाठांतर मेंदूत दुसरीकडे असतं.

ह्यांच्या गॅरेजचा गाळा आता पाडणार आहेत, म्हणून पेटी घरात. निलेश आला होता. खारघरहून दर रविवारी येतो बिचारा. पेटी बघून कपाळाला हात लावला. म्हणाला, "आई, तुझं वय काय, बीपी काय. बाबांना उचलता उचलता मागच्या महिन्यात तूच पडलीस. कर्जतकडे एक संस्था आहे, चांगली काळजी घेतात. बाबांना कुठे काय कळतंय आता?"

मला भयंकर राग आला. म्हटलं, सगळं कळतं त्यांना. गणपतीच्या आधी ही पेटी ते माझ्या हातून बांधून घेतील, मग बोल. नाही झालं तर तू म्हणशील तिथे पाठव. बोलून बसले. आता निभवायला हवं.

१२ जून

पेटी खोलली. हे खुर्चीत, मी टेबलाशी. डाव्या हाताच्या बोटाने दाखवतात, मी पाना लावते. चुकीचा पाना उचलला की "ना!" असं खेकसतात की शेजारच्या मीराबाई डोकावून गेल्या. त्यांचं नावही मीराच, म्हणून मी मीराताई आणि त्या मीराबाई. म्हणाल्या, "भांडतंय काय गो सकाळी सकाळी?" म्हटलं, भांडत नाही, संसार करतोय.

गिअर सरकवणाऱ्या दोन लांब दांड्या निघाल्या. एक पुढच्या चाकांची, एक लो गिअरची. त्या ओढताना आतून स्प्रिंगा आणि छर्रे टपटप पडले. हे हसले. झटक्यानंतर प्रथमच हसले, म्हणून लिहिलं.

१६ जून, रविवार

आज धुण्याचा दिवस. सगळे पार्ट परातीत डिझेल घालून जुन्या टूथब्रशने घासले. घराला पेट्रोल पंपाचा वास. काळं डिझेल चहाच्या गाळण्यातून गाळलं, त्यात तळाला एक बारकासा लोखंडी तुकडा सापडला. औषधाच्या कॅप्सूलएवढा, दोन्ही टोकं गोल. कुठे बसतो ते कळेना. छर्रा नाही, स्क्रू नाही. कशाचा तरी मोडलेला असेल. पण इतका गुळगुळीत आणि सुबक की टाकवेना. बटणांच्या डब्यात टाकला. माझ्या बटणांच्या डब्यात तीस वर्षांचं असंच सगळं आहे, हुक, बकलं, कोणाच्या तरी कोटाचं पितळी बटण.

हे टक लावून बघत होते. "ना, ना" सुरू झालं. म्हटलं, फेकत नाही हो, ठेवलाय. तरी थांबेनात, हात हलवायला लागले. लघवीला लागली असणार म्हणून भांडं आणलं. झालीही नाही. रागावून भिंतीकडे तोंड करून बसले.

३ जुलै

ऑपेरा हाऊसच्या पार्टवाल्या गल्लीत जाऊन बेअरिंग, सील, वायसर आणले. जुने पार्ट रुमालात बांधून नेले आणि काउंटरवर ठेवले. दुकानदार म्हणाला, "मावशी, मिस्त्री कुठाय?" म्हटलं, मिस्त्री घरी आहे, मी त्याचा उजवा हात. त्याला गंमत वाटली. मला बाहेर आल्यावर रडू आलं आणि उसाच्या रसवाल्याकडे उभी राहून रडले.

घरी ह्यांनी एकेक वायसर डाव्या अंगठ्याने चाचपून बघितला. एक बाजूला सारला. मला काही फरक दिसेना. मोजून बघितला तर खरंच पातळ होता. बदलून आणावा लागणार.

निलेशला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं आई." दुसऱ्याचं मूल पास झालं तर म्हणतात तसं.

१४ जुलै, रविवार

आजचं सविस्तर लिहिते.

मधल्या गिअरच्या पोटात बारीक सुयांसारखे रोलर बसतात, गोलाकार, ओळीने. ग्रीस लावून एकेक चिकटवायचा, आणि मग गिअर पेटीत धरून त्यातून शाफ्ट सारायचा. दोन दिवस मी ते करत होते. शाफ्ट सारला की रोलर ढासळतात, सगळं पहिल्यापासून. काल रात्री वैतागून ग्रीसच्या हातानेच झोपले.

सकाळी हे स्वयंपाकाच्या ओट्याशी. भिंत धरून एकटेच गेलेले! हातात माझं लाटणं. "ना, ना." मला वाटलं पोळी हवी. पोळी केली, ताट पुढे ठेवलं. ताट ढकललं. मग वाटलं, झालं, डोकं फिरलं. लाटणं काढून घ्यायला गेले तर सोडेनात. शेवटी स्वतः टेबलापाशी आले आणि ते लाटणं गिअरच्या भोकात सारलं.

बरोब्बर बसलं. शाफ्टच्या जाडीचं!

मग बोटाने लाटण्यावर खूण केली, गिअरच्या लांबीएवढी. करवतीने कापलं. तो तुकडा गिअरमध्ये घालून भोवती रोलर रचले, गिअर पेटीत उतरवला आणि एका बाजूने खरा शाफ्ट सारत नेला. लाटण्याचा तुकडा दुसऱ्या बाजूने आपोआप बाहेर, आणि एकही रोलर हलला नाही. मी ओरडलेच. ह्यांच्या गालाला ग्रीसचा हात लावला, हे "ना ना" करत हसत होते.

लग्नातलं लाटणं होतं. आता बाटलीने लाटीन. ह्यापुढे ह्यांना वेड्यात काढणार नाही, देवाशप्पथ.

२८ जुलै, रविवार

पॅकिंग कापली. हे काम माझं! पॅकिंगचा कागद झाकणावर ठेवला, हातोडीने कडेकडेने हलकं ठोकून ठसा घेतला आणि ब्लाउजचा गळा कापावा तशी कात्री फिरवली. भोकं आयलेटच्या पंचने पाडली. ह्यांनी कागद उजेडात धरून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. चाळीस वर्षांत माझ्या शिवणाला कधी एवढी दाद दिली नव्हती.

आता दोन दांड्या, छर्रे आणि झाकण राहिलंय. पुढच्या-पुढच्या रविवारी निलेशसमोर झाकण लावायचं ठरवलं.

४ ऑगस्ट

हे दोन दिवस शिलाई मशीनच्या फळीकडे बोट दाखवतात. डबे, दोऱ्याची रिळं, टेप, एकेक वस्तू काढून दाखवली. बटणांच्या डब्याला हात लावला तेव्हा "ना!" मोठ्याने. सॅशाने सांगितलंय, दाखवतील ती वस्तू हातात द्या. डबा दिला. पण तो एका हाताने उघडेना, मी उघडून दिला तर त्यात बोटं घालून चिवडत बसले. बटणं? मी ह्यांचे सगळे शर्ट काढले. तीन शर्टांची बटणं तुटली होती की! लावून दिली. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नाही, शिंप्याघरची बाई मी.

शर्ट पुढे धरला तर तोंड फिरवलं. माणसाचं करावं तेवढं थोडंच.

११ ऑगस्ट, रविवार

लिहावंसं वाटत नाही. लिहून टाकते.

निलेश आला, सोबत मेघना. मेघनाने ह्यांच्या आवडीची कोळंबीची भजी आणली. मी पेटी पुसून ठेवलेली, ह्यांना नवा शर्ट घातलेला. म्हटलं, आता बघ तुझे बाबा.

मी पहिली दांडी सारली. दुसरी सारायला घेतली, तर ह्यांनी पहिली उपसून काढली. "ना." मी परत घातली. परत काढली. चुकतंय का काही? मी दांड्यांची अदलाबदल केली, उलटी करून बघितली. "ना, ना, ना." छर्रा खाली पडला, तो मेघनाने शोधला. निलेश घड्याळ बघत होता.

मग हे उठले. निलेश धरायला गेला तर त्याला ढकललं. मशीनकडे गेले, बटणांचा डबा ओढला आणि सगळा लादीवर उपडा केला. सगळीकडे बटणं, मशीनखाली, कपाटाखाली. स्वतः खाली बसले, बसले कसले, पडलेच, आणि डाव्या हाताने बटणं इकडून तिकडे करायला लागले. तान्हं मूल वाळूत खेळतं तसं. विजार ओली झाली. तरी थांबेनात.

निलेश हळूच म्हणाला, "आई, बघ ना."

माझं मलाच कळलं नाही काय झालं. मी ओरडले, "लाज आणलीत! सुनेसमोर!" ह्यांनी मूठ मिटली होती. ती मी जबरदस्तीने उघडली, आत काय आहे ते बघितलंही नाही, डब्यात झटकली. आणि ह्यांच्या हातावर चापट मारली. मारली. लिहायला हवं म्हणून लिहिलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. निलेशने त्यांना पुसलं, बदललं. मी दांड्या घातल्या, झाकण लावलं, बोल्ट आवळले. ह्या वेळी हे काहीच बोलले नाहीत. नुसते बघत राहिले. त्यावरूनच मला कळलं की आता ह्यांना पेटीचंही काही कळत नाही. लाटण्याचं ते चुकून झालं असेल.

संध्याकाळी आरती लावली. ह्यांनी म्हटली नाही.

१३ ऑगस्ट

निलेशला फोनवर सांगितलं, बघ कर्जतचं. तो म्हणाला, "आई, तू हरलीस असं नको समजू." मी म्हटलं, मी काय पत्ते खेळत होते?

२५ ऑगस्ट

सोडून आलो. जागा स्वच्छ आहे, झाडं आहेत. खिडकीतून डोंगर दिसतो. तिथल्या बाईंनी विचारलं, काही आवडीनिवडी? मी सांगितलं, चहात साखर कमी, आणि पाने हातात द्यायचे नाहीत. बाई म्हणाल्या, कसली पानं? काय सांगणार. गाडीचे पाने.

निघताना ह्यांनी माझ्या पदराचं टोक डाव्या हातात धरलं. सोडवावं लागलं. निलेश बाहेर जाऊन उभा राहिला.

घरी पेटी एकटीच टेबलावर. तिच्यावर चादर टाकली.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. मंडळाने ट्रॅक्टर आणला. सम्यक परवा विचारायला आला होता, "ताई, पेटी बसवू का जीपमध्ये, अजून वेळ आहे." मी नको म्हटलं. ह्यांच्याशिवाय ती ओढणार कोण? ट्रॉली गेली तेव्हा दारात उभी राहिले नाही. आवाज मात्र घरात आलाच.

मागच्या रविवारी कर्जतला गेले होते. हे खिडकीकडे तोंड करून होते. मी किती बोलले, गणपतीचं, कोणी काय नैवेद्य आणला त्याचं. एकदाही ना म्हणाले नाहीत.

२२ सप्टेंबर

दुसरा झटका. तिथल्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवला, पांढरं किती पसरलंय ते बोटाने दाखवलं. जीव वाचला. पण आता ओळख नाही. निलेश हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडला, लहानपणी पडला की रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याची चूक नाही. मीच हो म्हटलं होतं.

६ ऑक्टोबर, रविवार

लॉरेन्स आला. ह्यांचा, म्हणजे त्याच्या गुणाचा, डॉकयार्डच्या वर्कशॉपपासूनचा दोस्त, एप्रिलपासून कॅनडात मुलाकडे, जेरीकडे होता. जेट लॅग की काय तो घेऊनच आला, डोळे लाल. ह्यांचं ऐकलं. मग त्याला पेटी दिसली. चादर काढली.

"कोणी बांधली?"

"मी. ह्यांनी सांगितलं तशी."

त्याने शाफ्ट फिरवून बघितला, कान लावला, हलवून बघितला. "मीरा, काय काम केलंय ग! गुणा स्वतः बांधतो तशी आहे." मग वरच्या दोन दांड्या पुढे-मागे केल्या. परत केल्या. चेहरा बदलला.

"ह्यात पिन नाही टाकला तुम्ही?"

"कसला पिन?"

"अरे, ह्या दोन दांड्यांच्या मध्ये असतो. ही पुढच्या चाकांची, ही लो ची. पुढची लावल्याशिवाय लो पडायलाच नको, तो पिन अडवतो. हे बघ, पडतोय. असा गेला असता ना चौपाटीच्या वाळूत, सगळा लोड मागच्या एक्सलवर. एक्सल तुटला असता, मागे ट्रॉली, बाजूला पोरं." त्याने मान हलवली. "गुणा बाकी सगळं विसरेल, हा पिन नाही विसरणार. दांड्या टाकायच्या आधी तो जातो. नंतर जागाच नाही."

मी विचारलं, कसा असतो दिसायला.

"एवढासा. दोन्ही साइडने गोल. कॅप्सूलसारखा."

मी मशीनच्या फळीकडे गेले. डबा काढला. उपडा करायचं धाडस झालं नाही, बोटं घातली. पितळी बटणाच्या खाली होता. लॉरेन्सच्या हातावर ठेवला. तो म्हणाला, "हाच. कुठे होता?"

मी त्याच्यासमोर खाली बसले, हे बसले होते त्याच लादीवर. ह्यांनी शोधला होता. मुठीत होता तो, त्या दिवशी. पोरं ट्रॉलीच्या बाजूने नाचत चालणार म्हणून हे जिवाच्या आकांताने शोधत होते, आणि मी मूठ उघडून डब्यात झटकली आणि हातावर मारलं. सगळं कळत होतं त्यांना. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी त्यांना कळत नाही म्हणून पाठवून दिलं.

७ ऑक्टोबर

कर्जत. पिन रुमालात बांधून नेला. ह्यांचा डावा हात उघडला, तळव्यावर पिन ठेवला. म्हटलं, अहो, सापडला. तुम्ही बरोबर होतात. मी चुकले.

बोटं मिटली नाहीत. पिन घरंगळून चादरीवरून खाली गेला. तिथल्या मावशीने उचलला आणि म्हणाली, "ताई, गोळी पडली का?"

मी तिथेच ठरवलं. निलेशला फोन केला, घरी आणते. तो म्हणाला, "आई, आता तर खरंच त्यांना..." आणि मग म्हणाला, "मी येतो गाडी घेऊन."

२० ऑक्टोबर

आणलं. रात्रीची बाई ठेवलीय, निलेशने लावून दिली. पलंग टेबलाजवळ सरकवला, पेटी समोर राहील असा. लॉरेन्सने झाकण खोलून दांड्या बाहेर काढून ठेवल्यात. म्हणाला, "पिन दे, दोन मिनिटांत बसवतो. सम्यक आणि मी जीपमध्ये चढवून टाकतो." मी नाही म्हटलं. पिन हे देतील तेव्हा बसवायचा. त्याने माझ्याकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि चहा मागितला.

१७ नोव्हेंबर, रविवार

सॅशा येऊन गेली. ती आता पैसे घेत नाही आणि मी तिला काही विचारत नाही. म्हणाली, "काकू, आशा ठेवा, पण जास्त नाही हां." वही बघायला मागितली. दिली नाही.

ती गेल्यावर रोजच्यासारखं केलं. ह्यांना उशी लावून बसवलं, मांडीवर जुनी चादर पसरली आणि बटणांचा डबा तिच्यावर उपडा केला. डावा हात उचलून मधोमध ठेवला. हाताखाली बटणं थोडी हलली. पंख्याने की हाताने, सांगता येणार नाही. मी बाजूला बसून वाट बघितली. हे भिंतीकडे बघत होते. मीराबाई दारातून म्हणाल्या, "आरती लावू काय गो?" आणि मोबाइलवर लावून गेल्या. आरती संपली तरी मी बसून होते.

मग बटणं गोळा केली. पिन सगळ्यात शेवटी घातला, वर राहावा म्हणून. उद्या डबा उघडल्याबरोबर दिसायला हवा.